एका पार्सलातल्या दोन पंचम्या

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते आपोआप एकावर एक चढत जातात, आणि मग खालचा एखादा उपसायला जावं तर वरचे तीन त्याच्यासोबत येतात. आमच्या तंजावूरच्या ऑफिसातल्या पॅचांचंही अगदी असंच होतं. म्हणून मी सांगायला बसले की मला क्रम सोडता येत नाही. कोणीतरी हमखास म्हणतं, "अगं, तो शेवटचा घाटावरचा सांग ना!" मी म्हणते, थांबा जरा. आधी खालचे बसू देत.

माझ्या नवऱ्याची बँकेतून तंजावूरला बदली झाली तेव्हा देशात उदारीकरण येऊन बरीच वर्षं झाली होती. तंजावूरला मात्र ते अजून टाउन बसनं येत होतं. गल्लोगल्ली एसटीडी बूथ उघडले होते, बाटलीतला रंगीत कोला आला होता, आणि मी मिरजेचा कॉम्प्युटर डिप्लोमा ट्रंकेत ठेवून घरी भाज्या चिरत होते. घरमालक म्हणाले, "गणपतराव म्हणून एक तुमच्यातलेच आहेत, कॉम्प्युटरचं काहीतरी करतात. भेटून या."

"तुमच्यातले" म्हणजे तंजावूरचे मराठी. राजांच्या काळात येऊन राहिलेली घराणी. घरात मराठी बोलतात, पण चाल तमिळ आणि शब्द आपल्या पणजोबांच्या वेळचे. गणपतराव पन्नाशीचे, कपाळाला गंध, खिशाला दोन पेनं. कॉलेजातली फिजिक्सची नोकरी सोडून त्यांनी कंपनी काढली होती. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी रात्रभर सी लँग्वेजची उजळणी करून गेले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"बालबोध वाचतां येतं कीं?"

"म्हणजे देवनागरी? येतं की!"

"बेस झालं. उद्यांपासून ये."

"आणि सी लँग्वेज?"

"तें सेतू शिकवील. बालबोध शिकवायला इथं कोणी नाही!"

* * *

आमचं काम काय होतं ते एकदाच सांगते. लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम. ती कोणा एकाच्या मालकीची नाही, म्हणून जो तो ती आपापल्या पद्धतीनं बांधून सीडीवर देतो. तांदूळ एकच, खानावळी वेगळ्या. आमच्या गिऱ्हाइकांकडे अशा दोन खानावळी चालत. त्यांची खरी नावं कोणाच्या तोंडात बसेनात, म्हणून अण्णांनी एकीचं नाव ठेवलं थोरली आणि दुसरीचं धाकटी. दोन्हींवर चालतील असे प्रोग्राम आम्ही पार्सल करून देत होतो.

मूळ प्रोग्रामला हात लावायचा नाही, हा अण्णांचा दंडक. बदल हवाच असेल तर तो वेगळ्या फाइलीत लिहायचा: अमुक ओळ काढा, तिथं ही घाला. ती फाइल म्हणजे पॅच. पार्सल उघडलं की पॅच मुळावर चढतो.

"ठिगळ आपलं, कापड लोकांचं," अण्णा म्हणायचे. "कापडास कात्री लावूं नको."

आमच्याकडे सगळ्यांत जास्त खपायचा तो 'तिथी' नावाचा प्रोग्राम. टोरांटोत राहणाऱ्या एका निवृत्त मराठी इंजिनिअरनं तो लिहिला होता आणि जगाला फुकट वाटला होता. आम्ही त्यांना मूळपुरुष म्हणायचो. आपल्या माणसाच्या मृत्यूची तिथी टाकली की यंदाचं श्राद्ध कोणत्या तारखेला, ते प्रोग्राम सांगायचा.

आता यात मेख अशी होती. अण्णांच्या वडिलांची तिथी आषाढ वद्य पंचमी. आमच्या ऑफिसाच्या खालच्या मजल्यावर अण्णांचे धाकटे भाऊ भीमराव यांचं झेरॉक्स आणि एसटीडीचं दुकान. भीमरावांची बायको कुंभकोणमच्या तमिळ घरातली. त्यांच्या वाध्यारांनी, म्हणजे भटजींनी, सांगितलं की महिना सूर्यावरून धरायचा. वडील गेले ते तमिळ आडी महिन्यात, तेव्हा आडीतली वद्य पंचमी खरी. काही वर्षी दोन्ही पंचम्या एकाच दिवशी यायच्या, काही वर्षी महिन्याचं अंतर पडायचं. पहिल्यांदा अंतर पडलं त्या वर्षी अण्णा भावाला म्हणाले, "आपला बाप मराठी होता कीं तमिळ?" त्या दिवसापासून भीमराव जिना चढून वर आले नाहीत.

अण्णा ज्यांना सेतू म्हणत ते सेतुराव सांगतात, अण्णांनी कंपनी काढली ती मुळात भावाला कॉम्प्युटरकडून खोटं पाडायला! झालं काय, धाकटीची गिऱ्हाइकं निघाली बहुतेक तमिळ. त्यांना आडी, आवणी असे महिने हवे होते. सेतुरावांनी धाकटीपुरता तसा पॅच केला. आणि वर थोरली आहे हे कळल्यावर भीमरावांनी हट्टानं आपल्या दुकानात धाकटीच बसवून घेतली होती. मग वरच्या मजल्यावर विचारा, अण्णा बरोबर! खालच्या मजल्यावर विचारा, भीमराव बरोबर!

मी आले त्या वर्षी दोन्ही पंचम्या एकाच दिवशी होत्या. तिरुवैयारूला कावेरीच्या घाटावर दोघेही गेले, आणि दोन टोकांना बसून दोघांनी वेगवेगळं श्राद्ध केलं. परत आल्यावर अण्णा खुर्चीत टेकले.

"बाप एक, नदी एक, दिवस एक," ते म्हणाले. "मधे मात्र बायका धुणं धूत होत्या. एकदां तरी शेजारीं बसायला हवा होता, वसुधा."

मी त्यांना कॉफी आणून दिली.

* * *

सेतुराव म्हणजे आमचे पॅचवाले. अण्णांच्या मावशीच्या घरातले, पस्तिशीचे, बोलणं कमी आणि हट्ट फार. थोरलीचं एक आणि धाकटीचं एक अशी दोन पार्सलं करायचा त्यांना कंटाळा होता. त्यांनी युक्ती केली. पार्सल एकच, पण उघडताना ते बघायचं की आपण कोणाच्या घरी आहोत, आणि त्या घराचे पॅच अंगावर चढवायचं. या युक्तीचा त्यांना इतका अभिमान, की येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. पाणी भरायला आलेल्या बाईलासुद्धा दाखवली होती!

तपासणीला मीनाक्षी होती. तमिळ मुलगी, मराठी समजायची पण बोलायची तमिळच. ती मागच्या खोलीत धाकटीवर बसायची, सेतुराव खिडकीशी थोरलीवर. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. एक दिवस ती तिकडून ओरडली, "सेतुराव सार, महिना काढायच्या ओळीत चूक आहे!"

सेतुराव इकडून, "तसली ओळच नाही!"

"आहे! माझ्यासमोर आहे!"

"माझ्यासमोर नाही!"

सकाळ गेली. दोघांनी एकाच सीडीवरून पार्सल पुन्हा उघडलं. ती म्हणे आहे, हे म्हणे नाही. सेतुराव म्हणाले, सीडीवर ओरखडा पडलाय. मीनाक्षी म्हणाली, सारांना चष्मा लागलाय. दुपारी दोघांनी जेवणाचे डबेही पार्टिशनच्या आपापल्या बाजूला खाल्ले. शेवटी मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊन दोन्ही पडदे बघितले, तेव्हा उजेड पडला. दोघंही खरं बोलत होते.

मीनाक्षीनं कपाळाला हात लावला. "म्हणजे पार्सलात काय आहे ते पार्सल बघून कळायचं नाही? ते कोणाच्या घरी उघडलं, हे विचारायचं?"

"मग त्यात वाईट काय?" सेतुराव म्हणाले.

अण्णा इतका वेळ पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच ते म्हणाले, "एका घरांत दोन खरं. वाईट काय तें मज विचार!"

सेतुरावांनी पार्सल मात्र एकच ठेवलं.

* * *

मला बालबोध येतं म्हणून घेतलं होतं, ते कशासाठी हे दुसऱ्या महिन्यात कळलं. अण्णांना 'तिथी'चं मराठी मॅन्युअल काढायचं होतं. तंजावूरच्या मराठी घरांसाठी, मराठीत. मी जीव ओतून लिहिलं. डॉट मॅट्रिक्सवर छापलं, सेतुरावांनी स्टेपल केलं, घरोघर वाटलं.

महिनाभर एकही शंका आली नाही. मला वाटलं, काय सोपं लिहिलंय मी! मग एका घरी हळदीकुंकवाला गेले. मॅन्युअल देवघरात, पंचांगाच्या खाली, वर फूल. मी आजींना विचारलं, "वाचलंत का?"

"बालबोध कोणास येतं इथं?" आजी हसल्या. "आम्ही तमिळ अक्षरच शिकलों."

"मग मुलांना?"

"त्यांस मराठी समजतं. बोलतां येत नाही. वाचणं दूरच."

मी तणतणत ऑफिसात आले. अण्णा, मराठी माणसांसाठी मराठीत लिहिलेलं, आणि एकाही मराठी माणसाला वाचता येत नाही! अण्णांचा चेहरा जराही हलला नाही.

"वाच म्हणून कोणी सांगिटलं? घरांत असूं दे."

पुढच्या आवृत्तीतही ते तसंच दिलं. लोक मागून घ्यायचे!

* * *

प्रत्येक पॅचच्या माथ्यावर तो कोणी केला आणि कशासाठी, हे लिहायचा जगभर नियम आहे. अण्णा नियमाचे पक्के. सेतुरावही लिहायचे, नाही असं नाही. "कोणी: मी. कशासाठी: अण्णांनी सांगिटलं." दुसरा पॅच: "कोणी: मी. कशासाठी: अण्णांनी सांगिटलेलं चुकलं."

थोरलीच्या पॅचांमध्ये सगळ्यांत खाली एक होता, त्यावर नुसतं "तात्पुरता" लिहिलेलं. तो प्रिंटरचं काहीतरी करायचा. काय, ते सेतुराव विसरले होते. त्या प्रिंटरचं मॉडेल बाजारातून गेलं, गावातल्या तसल्या शेवटच्या प्रिंटरचा लिलाव झाला, पॅच जागच्या जागी. प्रत्येक नव्या आवृत्तीत सेतुराव अर्धा दिवस घालवून तो नीट बसवायचे.

मी नवी, मला उत्साह. एकदा ते जेवायला गेले असताना मी तो काढून पार्सल बांधलं. सगळं चाललं! प्रिंटर छापतोय, तिथी दिसतेय. मी विजयी मुद्रेनं सगळ्यांना बोलावलं. अण्णांनी पान उलटंसुलटं करून बघितलं. सेतुरावांनी बघितलं. मीनाक्षीनं उजेडात धरून बघितलं. कोणालाच आनंद झाला नाही.

"फारच बरं चाललंय," मीनाक्षी संशयानं म्हणाली.

अण्णांनी पान माझ्या हातात दिलं. "घाल परत. उगे ऱ्हाऊ दे बिचाऱ्यास. खायला मागतोय काय?"

मी परत घातला. मलाही जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू!

* * *

पॅच कायमचा टिकवायचा एकच मार्ग: मूळपुरुषाकडे पाठवायचा. त्यांनी मुळात घेतला की सुटलो, दर आवृत्तीला पुन्हा बसवायला नको. सेतुरावांनी आडी-आवणीचा पॅच स्वच्छ करून टोरांटोला पाठवला. त्या काळी मोडेम किंचाळायचा, लाइन तुटायची, पुन्हा लावायची. पाठवताना सेतुरावांनी मोडेमला उदबत्ती ओवाळली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आठवड्यानं उत्तर आलं. आम्ही चौघं पडद्यावर वाकलो. जगभरात वापरला जाणारा प्रोग्राम, त्याचा कर्ता, परदेशात हयात गेलेला. लिहिलं होतं: "पॅच मिळाला. गणित अचूक आहे. पण आमच्यात असं करत नाहीत."

सेतुराव खुर्चीत बसले. अण्णा मात्र उठून उभे राहिले, इतका त्यांना आनंद झाला! "मीं हेंच म्हणत होतों! इतकीं वर्षं हेंच म्हणत होतों!" त्यांनी उत्तराचा प्रिंट काढला आणि मीनाक्षीला दिला. "खालीं जा. झेरॉक्स काढून आण." ऑफिसाला झेरॉक्सची गरज शून्य. पण भीमरावांच्या नजरेखालून तो कागद जायला हवा होता.

बऱ्याच वेळानं मीनाक्षी परत आली. अण्णांनी अधीर होऊन विचारलं, "वाचलं त्यानं?"

"वाचलं. दोनदा. आणि झेरॉक्सचे पैसे नको म्हणाले."

"कां?"

"म्हणाले, गणित अचूक आहे असं टोरांटोहून लिहून आलंय, त्याचे पैसे घेऊ काय!"

* * *

आयुधपूजेचा किस्सा मध्येच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. आपली खंडेनवमी तीच यांची आयुधपूजा, पण इकडे ती फार कडक. ऑफिसातल्या सगळ्या मशीनना चंदन-कुंकू लावलेलं, कीबोर्ड एका चौरंगावर, वर चुरमुरे. त्या दिवशी आयुधाला हात लावायचा नाही. आणि नेमकं त्याच दिवशी टोरांटोहून मूळपुरुषाचं पत्र: मोठी चूक सापडलीय, दुरुस्ती पाठवतोय, ताबडतोब लावा!

सकाळी लाइन लावून पत्र बघितलं कोणी, हे अण्णांनी विचारलं नाही. सेतुरावांनी सांगितलं नाही. तेच पत्र पोचलेल्या एका कॉलेजातून फोनवर फोन यायला लागले. अण्णा प्रत्येकाला शांतपणे सांगत होते, "आज आयुधं झोपलींत. उद्यां."

"सार, अर्जंट आहे!"

"मग आणखीच उद्यां."

मला पटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी विजयादशमी. पूजा झाली, कीबोर्ड खाली उतरवला, तोवर टोरांटोहून दुसरं पत्र: "कालची दुरुस्ती कृपा करून लावू नका. ती लावल्यास सगळ्या तिथी पुसल्या जातात."

अण्णांनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, मग चष्मा काढून पुसला. "पाहिलंत? नवमीस आयुधास हात लावला त्यांनीं!"

आम्ही सगळे हसलो. सेतुराव हसले नाहीत. त्यांनी ती दुरुस्ती आदल्या दिवशीच घरच्या मशीनवर लावून बघितली होती.

* * *

आणि आता हा.

पुढे एका वर्षी भीमरावांनी दुकान विकायला काढलं. मुलगी कोइंबतूरला, तिच्याकडे कायमचं राहायला जाणार होते. आडी महिना संपला की निघणार, असं मीनाक्षी खालून ऐकून आली. अण्णा ऐकून नुसतं "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले. पण त्यांनी कॅलेंडर काढून आषाढ वद्य पंचमी बघितली, ते मी पाहिलं. त्या वर्षी दोन्ही पंचम्यांमध्ये पुरा महिना होता. म्हणजे घाटाच्या दोन टोकांनासुद्धा नाही. हे शेवटचं वर्षही गेलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं आणि मला फार वाईट वाटलं.

त्याच सुमाराला मूळपुरुषानं नवी आवृत्ती काढली. आतून सगळं बदललेलं. सेतुरावांनी पॅच चढवले, पार्सल बांधलं, गिऱ्हाइकांना पाठवलं, खाली भीमरावांकडेही मीनाक्षी जाऊन बसवून आली. धाकटीवर तपासायचं मात्र राहिलं, कारण तिचं धाकटीचं मशीन दुरुस्तीला गेलं होतं. ते परत आल्यावर तिनं सहज आपल्या आजोबांची तिथी टाकली आणि किंचाळली.

"अक्का! आजोबांचं श्राद्ध आडीत असतं, हे महिनाभर आधीच दाखवतंय!"

सेतुराव धावले. कापड बदललं होतं, ठिगळ बसलंच नव्हतं. "हा पॅच बसला नाही" असं पार्सलानं उघडताना सांगितलंही होतं, पण भराभर पळणाऱ्या ओळींत ती ओळ कोण वाचतो? आडीचा पॅच गळून पडला होता, आणि गावातली प्रत्येक धाकटी आता थोरलीसारखी बोलत होती.

प्रत्येक. खालचीसुद्धा. भीमरावांच्या मशीनवर आता अण्णांची पंचमी दिसत होती.

सेतुराव, मीनाक्षी आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. तिघांच्या मनात एकच. शेवटी मीच धीर केला.

"अण्णा, बाकी सगळ्यांना आजच दुरुस्ती देऊ. खालच्या मशीनचं... पंचमी झाल्यावर बघितलं तर?"

अण्णा माझ्यावर कधी ओरडले नव्हते. तेव्हा ओरडले.

"म्हणजे माझ्या बापाचं श्राद्ध चुकीवर करूं? तो त्याच्या दिवशीं करील! सगळ्यांच्या आधीं खालीं द्या!"

दुरुस्ती फ्लॉप्यांवर घातली. सेतुराव स्कूटरवरून गावभर आणि पुढे ओरत्तनाडूपर्यंत वाटत गेले. ओरत्तनाडूचे एक वाध्यार आमचे जुने गिऱ्हाईक. सेतुरावांनी घाबरत घाबरत त्यांना सांगितलं की मशीननं तारखा चुकीच्या दिल्या, कोणाचं श्राद्ध चुकलं तर पाप आम्हाला. वाध्यार खो खो हसले. "मी छापील पंचांगच बघतो रे! तुमचं मशीन यजमानांना दाखवायला!"

इकडे मीनाक्षी फ्लॉपी घेऊन खाली गेली आणि तीच फ्लॉपी घेऊन वर आली.

"नको म्हणतात. मशीन बरं चाललंय, हात लावू नको म्हणतात."

"तारीख चुकलीय असं सांगिटलंस?"

"सांगितलं, सार."

"त्यास कळ्ळं नसेल. वसुधा, तूं जा."

मी गेले. भीमराव कोणाच्यातरी मार्कशीटच्या प्रती स्टेपल करत होते. मी सगळं समजावून सांगितलं: पॅच, पार्सल, महिना. मशीन एक महिना आधीची पंचमी दाखवतंय, ती तुमची नव्हे. खात्री नसेल तर वाध्यारांना विचारा.

"विचारलं कीं," ते म्हणाले. "कालच. आपलं श्राद्ध पुढच्या महिन्यांत."

"मग फ्लॉपी?"

त्यांनी स्टेपलरमध्ये नवी पिनांची पट्टी घातली. "झेरॉक्स काढायचा अहे काय तुज?"

मी वर आले आणि अण्णांना एवढंच सांगितलं की ते फ्लॉपी घेत नाहीत. अण्णांनी मान हलवली. पुन्हा जा म्हणाले नाहीत.

पंचमीला सकाळी सेतुरावांनी अण्णांना स्कूटरवर तिरुवैयारूला नेलं, म्हणून पुढचं सगळं सेतुरावांनी पाहिलेलं. कावेरीला पाणी चांगलं होतं. अण्णा पायरीवर बसले. भटजींनी दर्भ, तीळ, पिंडांचं पान मांडलं. तेवढ्यात नदीतून बुडी मारून कोणीतरी ओल्या धोतरानं वर आलं आणि अण्णांच्या शेजारी, त्याच पायरीवर, मांडी घालून बसलं. भीमराव.

भटजी थांबले.

अण्णा नदीकडे बघतच म्हणाले, "आज तुझी पंचमी नव्हे."

"माझ्या मशीनवर आजच अहे."

"तें चुकलंय. दुरुस्ती पाठविली होती मीं."

"तुमच्या कंपनीचं अहे, अण्णा," भीमराव म्हणाले. "चुकेल कसं?"

अण्णांनी तिळाची वाटी दोघांच्या मध्ये सरकवली.